मुळाकडचं टोक

झुंबरबाई लोखंडेला आयुष्यात पुष्कळांनी पुष्कळ काही म्हटलं होतं, पण ‘मार्गदर्शक’ कुणी म्हटलं नव्हतं. म्हणून सोनखडीच्या मंगळवारच्या बाजारात एक पोरगी तिच्या सुया-पोतीच्या पथारीसमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, “मावशी, तुम्ही माझ्या मार्गदर्शक व्हाल का?” तेव्हा झुंबरबाईने आधी मागे वळून पाहिलं. मागे फक्त एक गाढव होतं.

“मला म्हणतीस?”

“तुम्हालाच.”

“म्हंजी काय करायचं?”

“मला शिकवायचं.”

“काय? सुया इकायला?”

“केस गोळा करायला,” पोरगी म्हणाली.

आता मात्र झुंबरबाईने तिच्याकडे नीट पाहिलं. पोरगी तेवीस-चोवीसची, पाठीवर दप्तर, आणि डोक्यावर केस म्हणाल तर जेमतेम तीन बोटं, एखाद्या पोरासारखे कापलेले. झुंबरबाई हसली. चाळीस वर्षं ती दारोदार हिंडत होती. सुया घ्या, पोत घ्या, फणी घ्या आणि बदल्यात गुंतवळ द्या. बायका विंचरताना निघालेले केस भिंतीच्या फटीत, पत्र्याच्या डब्यात साठवून ठेवत आणि तिच्या टोपलीत टाकत. त्या केसांचा व्यापारी बदलला, भाव बदलला, एसटी बॅटरीवर धावायला लागली, तरी बायकांचे केस गळायचे थांबले नव्हते.

“तुझ्या डोस्क्यावर तर सहाच म्हयने उगवल्यात. तू मला काय देणार?”

पोरगीचे डोळे एकदम चमकले. “सहा महिने! बघा, तुम्हाला आधीच माहीत आहे. तेच तर माझं सगळं काम आहे, मावशी.”

पोरीचं नाव ईश्वरी पाटोळे. गाव मिरज. आरोग्यशास्त्र शिकत होती आणि तिला नकाशांतून आजार शोधायची शिष्यवृत्ती मिळाली होती. त्या शिष्यवृत्तीची अट वेगळी होती. विद्यार्थ्याला दोन मार्गदर्शक हवेत. एक विद्यापीठातला, एक ज्या मुलखात काम करायचं तिथला. दोघांना मानधन सारखं, मान सारखा आणि दोघांची सही झाल्याशिवाय कुठलाही नकाशा पुढे जायचा नाही. विद्यापीठातले नलावडे सर ईश्वरीला लगेच मिळाले. मुलखातलं माणूस पाच आठवडे सापडत नव्हतं. मुळात दारंच उघडत नव्हती. अनोळखी बाईच्या हातात आपले केस कोण देईल? गळालेला केससुद्धा बायका थुंकी लावून टाकतात, उगाच कुणी करणी करायला नको म्हणून.

“सगळ्या एकच म्हणतात,” ईश्वरी म्हणाली. “केस फक्त झुंबरीला देतो.”

“व्हय, देतात. चाळीस वर्सं झाली, अजून कुणावर करणी न्हाई केली म्यां,” झुंबरबाई म्हणाली आणि एक पोत उलगडून पुन्हा गुंडाळली. हे तिचं विचार करणं होतं.

फॉर्म भरताना ‘शिक्षण’ या रकान्यात तिने स्वतः लिहिलं, ‘वयाच्या छप्पनाव्या वर्षी बाराखडी’. ‘पत्ता’ रकाना कोराच ठेवला. पावसाळ्याचे चार महिने ती सोनखडीला मुलीच्या घरामागे राही, एरवी पायाखाली येईल तो पत्ता. सही मात्र तिने एकेक अक्षर दाबून केली, कारण ती जे वाचून होत नाही त्यावर सही करत नसे. फॉर्मची तीन पानं वाचायला तिला पाऊण तास लागला. ईश्वरी शेजारी बसून शेंगा खात राहिली.

*

आजार मूत्रपिंडाचा होता. सोनखडीच्या आसपासच्या सात गावांत, विशेषतः बायकांत, चाळिशी-पन्नाशीलाच मूत्रपिंडं निकामी होत होती. ना साखर, ना रक्तदाब. सरकारी लोकांनी रोग्यांचे पत्ते घेऊन नकाशा केला होता, पण त्यावर ठिपके सांडलेल्या तिळांसारखे सगळीकडे पसरले होते. कुठल्याच विहिरीशी, कुठल्याच ओढ्याशी त्यांचा मेळ लागत नव्हता.

“कारण पत्ता म्हणजे माणूस जिथे झोपतं ती जागा,” ईश्वरीने समजावलं. “पाणी कुठे पितं, ते पत्त्यात नसतं. ते केसात असतं.”

तिच्याजवळ चहाच्या डब्याएवढी एक पेटी होती, ‘केसवाचक’. जमिनीखालच्या खडकाचे थर सारखे नसतात. ज्या थरातून पाणी येतं, त्याची बारीक खूण त्या पाण्यात उतरते. वरच्या विहिरीच्या पाण्याची वेगळी, सातशे फुटांवरच्या बोअरची वेगळी. आपण ते पाणी पितो आणि त्या महिन्यात उगवणाऱ्या केसात ती खूण कायमची बसते. केस महिन्याला साधारण अर्धं बोट वाढतो. पेटी केसाचा वरचा पापुद्रा खरवडून टाकते, म्हणजे अंघोळीचं पाणी, तेल, शिकेकाई गेली, आणि आतलं वाचत जाते. मुळाजवळ हा महिना, त्याच्या खाली मागचा. कमरेपर्यंत केस असलेली बाई म्हणजे सहा-सात वर्षांची नोंदवही. ईश्वरीने आधी साऱ्या मुलखातल्या पाण्याच्या खुणा गोळा करून नकाशा केला होता. आता त्यावर एकेका केसाची वाट उमटवायची होती.

“पर मूळ कंचं नि शेंडा कंचा, हे तुझ्या पेटीला कळतं?” झुंबरबाईने विचारलं.

“नाही. ते आपणच लावून द्यायचं. कापताना खूण करायची.”

“आन् गळालेल्याचं?”

“त्याला खूण कोण करणार?” ईश्वरी म्हणाली.

झुंबरबाईने टोपलीतून एक केस ओढला, अंगठा आणि पहिल्या बोटात आडवा धरला आणि बोटं मागे-पुढे चोळली. केस जागच्या जागी राहिला नाही. मुंगीसारखा एका बाजूला चालू लागला.

“मुळाकडं सरकतो. कायम. कितीबी उलटा धर.”

ईश्वरीने दहादा करून पाहिलं. दहाही वेळा केस मुळाकडे सरकला. मग ती डोळे मोठे करून म्हणाली, “केसावर खवले असतात, माशासारखे, शेंड्याकडे वळलेले. म्हणून होतं हे. मी पुस्तकात वाचलं होतं, पण बोटाला कधी…”

“वाच, वाच. पुस्तक वाचायलाच पाहिजे,” झुंबरबाई उदारपणे म्हणाली.

त्यानंतर दोघी हिंडल्या. उन्हाळा हिंडल्या, एरवी झुंबरबाई एका जागी बसे तो पावसाळाही हिंडल्या. झुंबरबाई हाळी द्यायची, बाई दाराशी आली की ईश्वरी कात्री काढायची. दुपारी कुणाच्या तरी ओसरीवर भाकरी व्हायची. ईश्वरीला मिरच्या सोसायच्या नाहीत, म्हणून झुंबरबाई आधी ठेचा चाखून बघे आणि मगच तिच्याकडे सरकवी. ईश्वरी तिला मोबाइलवरचा नकाशा वाचायला शिकवी. महिन्याभरात झुंबरबाई बोटाने नकाशा मोठा करून गावांची नावं वाचू लागली आणि चुकाही काढू लागली. “ही पायवाट कुटं हाय आता? तितं तर कांद्याची शेड झाली. तुझा नकाशा म्हातारा झाला.”

एकच जागा होती जिथे झुंबरबाईला जाता आलं नाही. तालुक्याच्या डायलिसिस केंद्रात दारावरच्या रखवालदाराने ईश्वरीचं कार्ड पाहिलं आणि टोपलीवालीला बाहेर थांबवलं. ईश्वरी एकटी आत गेली. झुंबरबाई तीन दुपारी फाटकाबाहेरच्या लिंबाखाली बसून राहिली.

*

कार्तिकात नकाशा तयार झाला. ईश्वरी तो घेऊन आपल्या भाड्याच्या खोलीवर धावतच आली, तिथे झुंबरबाई वाट पाहत बसली होती.

“मावशी, सापडलं! हे बघा.”

सात गावांच्या नकाशावर एकच लाल डाग होता, देवखडीच्या बारवेवर. जुनी दगडी बारव, पायऱ्या उतरून पाणी घ्यायचं. सगळा गाव तेच पाणी प्यायचा. केंद्रातल्या सात रोगी बायकांचे केस एकमुखाने तेच पाणी सांगत होते, आणि सातांतली एकही देवखडीची नव्हती.

“त्या कधीतरी तिथे जात असणार. नातेवाईक, देव, काहीतरी,” ईश्वरी भराभर बोलत होती. “नलावडे सर खूष आहेत. शुक्रवारी समितीपुढे मांडायचं. त्यावर माझं दुसरं वर्ष ठरणार. जिल्ह्याच्या लोकांनी तर सांगितलंय, नकाशावर दोन्ही सह्या झाल्या की बारवेला झाकण घालणार.”

झुंबरबाईने कागद मांडीवर घेतला आणि बोट ठेवून वाचायला लागली. ईश्वरीला आता या वाचण्याची सवय झाली होती. ती चहा ठेवायला उठली.

“हे काय लिवलंय बारक्या अक्षरात? ‘काळ जुळत नाही’?”

“ते होय? त्या सात नमुन्यांत महिन्यांचा क्रम लागत नव्हता. एक केस इकडून वाचला तर दुसरा तिकडून, असा गोंधळ. पण जागा सगळ्यांत तीच येते. सर म्हणाले, जागा जुळते ना, मग झालं.”

“उलटसुलट व्हते?”

“हो. असतं असं थोडं.”

झुंबरबाईचं बोट कागदावर थांबलं. “नावं सांग बरं त्या सातजणींची.”

स्थानिक मार्गदर्शकाला नावं कळू शकत होती, तसा नियमच होता. ईश्वरीने सांगितली. पहिलं नाव करपडीच्या हौसाबाई काळदातेचं होतं. दुसरं नाव येईपर्यंत झुंबरबाईला सातही माहीत झाली होती.

“केस कुठनं कापलेस त्यांचे?”

“वेणीच्या टोकाकडून. त्याच म्हणाल्या, खालून काप. मला पण लांबच हवे होते, जुने महिने मिळावेत म्हणून. का?”

झुंबरबाईने कागदाची घडी घातली आणि परत दिला.

“मी सही न्हाई करणार.”

चहा उतू गेला तरी ईश्वरीला कळलं नाही. “म्हणजे?”

“बारवेचं पानी चांगलं हाय. नकाशा खोटा हाय.”

“कशावरून? मावशी, कारण सांगा. मी बदलते. काय चुकलं ते सांगा फक्त.”

“कारण माझं असतं तर सांगितलं असतं, पोरी. कारण दुसऱ्याचं हाय.”

ईश्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं. “शुक्रवार तीन दिवसांवर आहे. सही नसेल तर मला परत जावं लागेल. तुम्ही माझ्या मार्गदर्शक आहात ना? की नुसत्या केसवाल्या?”

हे बोलल्यावर तिने स्वतःच जीभ चावली. पण शब्द गेला होता. झुंबरबाई टोपली उचलून उठली. दाराशी थांबून म्हणाली, “तोंड धू. नि तो चहा पूस, मुंग्या येत्याल.”

*

गोष्ट अशी होती. मूत्रपिंड बिघडलं की केस गळतात. मूठमूठ गळतात. ज्या बाईचा अंबाडा साऱ्या गावाने लग्नापासून पाहिलेला असतो, तिला चारचौघींत बसायची चोरी होते. मग ती झुंबरबाईला मागच्या दाराने बोलावते आणि गंगावन मागते, खोट्या केसांचं, आपल्या चार केसांत गुंफून वेणी जाड दाखवायचं. झुंबरबाई गुंतवळातून गंगावनं बनवत असे. आणि सगळ्यात लांब, काळंभोर गुंतवळ तिला मिळे ते देवखडीत. चांगल्या पाण्याच्या, चांगल्या तब्येतीच्या बायका. म्हणजे नकाशावरचा लाल डाग आजाराचा नव्हताच. देवखडीच्या धडधाकट केसांची ती वेणी होती, आजारी डोक्यांना बांधलेली. गुंतवळातल्या केसांना मूळ-शेंड्याचा मेळ नसतो. म्हणून महिने उलटसुलट.

हे ईश्वरीला एका वाक्यात सांगता आलं असतं. पण कुणाच्या डोक्यावर काय आहे ते तोंडावर आणायचं नाही, हे झुंबरबाईने आपल्या सासूच्या हाताखाली शिकताना टोपलीवर हात ठेवून कबूल केलं होतं. नवऱ्याला नाही, सुनेला नाही, मेल्यावरसुद्धा नाही. त्या शब्दावरच तर मागची दारं उघडत होती. आणि एकीकडे देवखडी. बारवेला झाकण बसलं, गावाला लाल शिक्का बसला, तर त्या गावची पोर कोण करून घेईल? आणि तिसरीकडे ती तीन बोटं केसांची पोरगी, जिचे केस आता मानेपर्यंत आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने झुंबरबाई तालुक्याला गेली आणि त्याच लिंबाखाली बसली. दहा वाजता हौसाबाई काळदाते आली. मागे तिचा नवरा, दादाराव, हातात डबा आणि उशी घेऊन.

“गं बाई, झुंबरी! तू हितं? टोपली घिऊन दवाखान्यात? आता आमच्या सलायनीबी इकती का काय?”

“हौसा, जरा बाजूला ये. बायकी काम हाय.”

दादाराव समजूतदारपणे दोन पावलं लांब गेला. झुंबरबाईने सगळं सांगितलं. पोरगीचं, नकाशाचं, बारवेचं. हौसाबाईचा हात आपोआप अंबाड्याकडे गेला.

“न्हाई. अजिबात न्हाई. मेले तरी न्हाई. ह्यांनासुदिक ठावं न्हाई माझं!”

“मला ठावं हाय,” दादाराव लांबून म्हणाला.

दोघी गर्रकन वळल्या.

“काय ठावं हाय तुम्हाला?”

“गंगावन. बारा वर्सं झाली. तू धुऊन माळ्यावर वाळत घालती, नि मी म्हशीचा कडबा काढाया जातो तवा रोज माझ्या तोंडाला लागतं ते.”

“आन् बोलला न्हाईत?”

“तू हौसेनं घालत हुतीस. मी कशापायी बोलू?”

हौसाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. मग पदर तोंडाला लावून इतकी हसली की रखवालदार उठून उभा राहिला. हसताहसता तिचे डोळे भरून आले. ते तिने पुसले आणि म्हणाली, “झुंबरे, बोलाव तुझ्या पोरीला. बाकीच्या सहाजणी माझ्यावर सोड. पर आधी ह्या खाकीवाल्याला दाराभायेर काढ.”

आत काय झालं ते झुंबरबाईने पाहिलं नाही, तिला नंतर कळलं. हौसाबाई यंत्राला जोडलेल्या हाताने काही करू शकत नव्हती. तिने मोकळ्या हाताने अंबाडा सोडला, गंगावन काढून उशीवर ठेवलं आणि साऱ्या खोलीला विचारलं, “झुंबरीची गिऱ्हाइकं कोण कोण हायेत गं हितं?” यंत्रं तेवढी गुरगुरत होती. मग खिडकीजवळच्या बाईने आपल्या वेणीत हात घातला. मग पलीकडचीने. शेवटची एक तरुण होती, ती रडायलाच लागली. तेव्हा हौसाबाई तिला म्हणाली, “रडती काय? तुझं माझ्यापरीस चांगलं हाय. झुंबरीनं तुला झुकतं माप दिलंय.”

ईश्वरी आली तेव्हा खोलीचं दार बंद होतं. आत गेली आणि बाहेर आली ती अर्ध्या तासाने. पाकिटात सात नमुने होते, मानेजवळून, कातडीला लागून कापलेले, विरळ आणि आखूड. ती लिंबाखाली झुंबरबाईशेजारी बसली.

“मी वाईट बोलले काल.”

“केसवालीच हाय मी. त्यात वाईट काय?”

“तुम्ही सांगितलं असतं तर…”

“तर तू मला पुन्यांदा काही सांगितलं असतंस का? तुझं काही?”

ईश्वरीने नाही म्हणून मान हलवली. मग पाकीट पुढे केलं. “मूळ कोणतं ते तुम्ही बघून द्या. मी केलंय, पण तुम्ही बघा.”

झुंबरबाईने एकेक केस बोटात धरून चालवला. सातही बरोबर लावलेले होते. तिने तसं सांगितलं नाही. फक्त पाकीट बंद करून तिच्या दप्तरात नीट ठेवलं.

*

आखूड केसांत जेमतेम वर्षभराचे महिने होते, पण तेवढे पुरले. सातही वाटा एकाच जागी गेल्या आणि या वेळी महिनेही जुळले. ती जागा कुणाचाच पत्ता नव्हती. सोनखडीच्या माळावर, जिथल्या पायवाटेवरून झुंबरबाईने नकाशा म्हातारा ठरवला होता, त्या कांद्याच्या शेडमागची सातशे फुटांची बोअर. सातही गावांतल्या बायका तिथे वर्षानुवर्षं कांदा निवडायला जात, या सातजणी तर डायलिसिस नसेल त्या दिवशी अजूनही जात, आणि दिवसभर तेच पाणी पीत. संध्याकाळी आपापल्या पत्त्यावर परतत. म्हणून नकाशावर तीळ सांडत होते.

झुंबरबाईने तो नकाशा अर्धा तास वाचला आणि सही केली.

शुक्रवारी ईश्वरीने समितीला आधी चुकलेला नकाशा दाखवला, मग दुसरा. नलावडे सर पडद्याच्या एका चौकोनात बसले होते. ते म्हणाले, “पहिल्या वेळी जागा पुरे असं मीच म्हणालो होतो. ते टिपणात लिहा.” समितीतल्या एका बाईंनी विचारलं, “पण पहिले नमुने चुकीचे आहेत हे तुम्हाला कळलं कसं?”

“स्थानिक मार्गदर्शकांनी सही नाकारली.”

“कारण?”

ईश्वरीने शेजारी पाहिलं. झुंबरबाई कॅमेऱ्याकडे झुकली, इतकी की पडद्यावर नुसतं तिचं कपाळ दिसलं. “कारण बायामाणसांचं हाय, बाई. त्यांनी ते दुरुस्त करून दिलंय. आणखी काय पायजे?”

त्या बाई हसल्या आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. समितीने पूर्ण वर्ष दिलं नाही. सात नमुने थोडे आहेत, शंभर आणा, म्हणून सहा महिने दिले, पुढचं पुढे. पण शेडमध्ये पंधरवड्याच्या आत दुसऱ्या पाण्याच्या टाक्या आल्या, आणि देवखडीच्या बारवेवर बायका पूर्वीसारख्या पायऱ्या उतरत राहिल्या. त्यांना शेवटपर्यंत काहीच कळलं नाही.

रविवारी ईश्वरी पाटावर बसली होती आणि झुंबरबाई तिच्या केसांना तेल लावत होती. केस आता खांद्याला टेकायच्या बेतात होते.

“मावशी, तुमचा फॉर्म पत्ता नाही म्हणून परत आलाय. काय लिहू?”

“काय बी लिव.”

“मी तुमचा एक केस वाचला. रागावू नका, गळालेलाच घेतला.” तिने मोबाइल मागे धरला. नकाशावर एक बारीक निळी रेघ होती, करपडी, देवखडी, सोनखडी, पुन्हा करपडी, सात गावांभोवती सात वर्षं फिरलेली. “हाच जोडते पत्ता म्हणून.”

झुंबरबाईने ओले हात पदराला पुसले आणि बोटाने रेघेवरून हळूहळू गेली. गावं वाचत गेली. मग ईश्वरीची एक बट हातात घेऊन तिने अंगठ्यात आणि बोटात चोळली.

“शेंडे लई फुटल्यात तुझे. चार बोटं कापू का? मग सगळी आमच्या पान्याचीच हुशील.”

ईश्वरीने बट बोटात धरली. शेंड्याची तीन-चार बोटं, ती इथे येण्याआधीची. मिरजेचा नळ, आईच्या हातचा माठ.

“नको. तेवढं राहू दे.”

“ऱ्हाऊ दे तर ऱ्हाऊ दे,” झुंबरबाई म्हणाली आणि पुन्हा तेल घेऊन मुळांपासून चोळायला लागली. “शेंड्याला तुझी आय हाय. मुळाशी मी हाय की.”